साठ दात

शेंदूरजन्याला, जिनिंगमागच्या टिनाच्या शेडमध्ये
आम्ही नऊ बाया टीव्ही गेम जोडायचो.
'गरुड' नाव होतं यंत्राचं.
वितळल्या कथलाचा वास
संध्याकाळी भाकरीलाही यायचा.

कॅसेटीला साठ दात. पितळी, बारीक.
मी रोज दोनशे कॅसेटींचे मोजले,
झोपेतही मोजले.
वरूड, मोर्शी, पार मुलताईपर्यंत
पोरं फुंकर मारून खेळायची.
बाजारात कोणी ओळखून म्हणायचं,
"हे गरुडवाली बाई."

मग ढोमणे साहेबांचा जावई आला, मॅनेजमेंट शिकून.
म्हणाला, नव्या यंत्राला चौसष्ट दात ठेवू,
जुनी कॅसेट बसलीच नाही पाहिजे,
लोक झक मारून नव्या घेतील.
शेवंता मेश्राम हातातली सळई खाली न ठेवता बोलली,
"साहेब, चूल बदलली म्हणून
कोणी जुना तवा फेकते का?"
तो हसला. माणूस वाईट नव्हता,
दिवाळीची पातळं त्यानंच आणली होती.

आखाडात एसटी स्टँडची भिंत रंगली:
'गरुड दोन येत आहे.'
त्या दिवसापासून गरुड एक कोणी घेईना.
दुकानदार म्हणत, थांबू ना बापा, दोन येऊन राहिला.
दोन यायचा होता दिवाळीत,
आला होळीला,
सोबत एकच कॅसेट,
तीत तीच मोटारसायकल, तोच वळणरस्ता.

तिकडे अमरावतीच्या ऑफिसात थोरला मुलगा
'गरुड सुपर' काढत होता,
जुन्याच यंत्राच्या डोक्यावर बसवायचा डबा.
आम्हाला कळलं ते पॅकिंगच्या खोक्यांवरून.
जावयाला त्याहून उशिरा.
ढोमणे दोघांनाही "करा" म्हणाले.
"नाही" म्हणणं त्यांना जमलंच नाही कधी,
आमची पगारवाढ सोडून.

परत आलेला माल छताला टेकला.
शेवटचे चार महिने आम्ही जोडलेलं सोडवत होतो,
कथील वेगळं, पितळ वेगळं,
मजुरी किलोवर.
काळे रिकामे डबे नर्सरीवाल्यानं नेले,
जंबेरीची रोपं लावायला.
कॅसेटीच्या खाचेतून पाणी बरोबर निथळते, म्हणे.

परवा गुणवंताचं पोरगं कुठूनसं
एक गरुड घेऊन आलं, पहिला.
"मावशी, पाहून दे ना."
चष्मा नव्हता. अंगठ्यानं मोजत गेले,
सत्तावन्नला दात संपले.
"चालन का?"
मी फुंकर मारली,
बटण दाबलं,
अन् नेमकी लाईन गेली.
पोरगं ओट्यावरच बसून आहे अजून,
यंत्र मांडीवर घेऊन.