रिकामी फेरी

जाहिरातीत एवढंच होतं : विणायचं यंत्र, चालू, सुया दोनशे.
पोर्ट चामर्सच्या चढावर ॲथल गेडिस यांचं गॅरेज.
जून महिना, म्हणजे इथे हाडं गोठवणारा हिवाळा,
आणि बंदरावर ओंडक्यांची जहाजं भोंगे देत होती.

जन्मभर बसगाड्यांची इंजिनं उघडलेला माणूस
आता गेलेल्या बायकांच्या पलंगाखालची यंत्रं आणतो,
गोठलेलं तेल खरवडतो, स्पंजची पट्टी बदलतो.
चाळीस वर्षांत तिचा चिखल होतो, म्हणाले,
मग सुया माना टाकतात.

आमच्या शुक्रवारच्या मंडळात हे सांगायची सोय नाही.
तिथे बांबूच्या दोन सुया, बाकी सगळी लबाडी.
"नुसतं ढकलायचं! त्यात तुझं काय गं, मेरेआना?"
माझं काय ते मलाही ठाऊक नाही.
रात्रपाळ्या सांभाळून एक पाठ विणायला मला चार महिने लागतात,
तोवर थंडी संपते.

कोपऱ्यात चादरीखाली आणखी एक.
"हे विकायचं नाही. नुसतं बघ."
सुयांवर अर्धी बाही, मोरपंखी, टाके बासष्ट,
खाली वजनं लोंबलेली,
फेऱ्यांच्या काट्यावर १४३.
"नोएलीन चहा टाकायला उठली होती."
पुढे ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही.

मग गाडी कशी सरकते ते दाखवायला
सवयीने त्यांचा हात गेला.
खर्रर्र.

धागा ओवलेला नव्हता.

बासष्टच्या बासष्ट टाके सुयांनी सोडले.
बाही वजनांसकट फरशीवर.
काटा १४४.
धागा असो नसो, यंत्र फेरी मोजतं.

"हलू नका," मी म्हटलं. पेशंटला म्हणते तसं.
वर्षानुवर्षं एकाच वळणात बसलेली लोकर,
फासे आ वासून होते तसेच उभे.
आकडीने एकेक उचलला, सुईवर चढवला.
सदतिसावा दोन फेऱ्या खाली उसवला होता,
त्याला शिडीवरून वर आणला.
ते टॉर्च धरून. हात कापत होता, म्हणून उजेडही.

दीड तास. मंडळाने पाहायला हवं होतं.

काटा मागे घ्यायला त्यांनी बोट नेलं,
तिथेच ठेवलं थोडा वेळ,
मग चादर ओढली.

माझं यंत्र मी दुसरंच आणलं.
झाकणात आतून पेन्सिलीने लिहिलेलं,
अक्षर ताजं, गिचमिड :
आधी धागा. मग ढकल.