अंधारखोली

न्हावीच्या रस्त्याला नेहेत्यांची केळी पिकवायची खोली,
दोन हंगाम रिकामी.
आम्ही ती तीनदा धुतली.
भिंतीतला गोडूस वास गेला नाही.
फटींना काळी पट्टी लावली, बल्ब काढून खिशात टाकला.
गुमान पावरा म्हणाला, "आत कोण राहणार?"
म्हटलं, एकशे सत्तेचाळीस.

ती कोण, ते सांगते.
जळगावच्या ज्यूसवाल्याकडून पोतंभर बिया आणल्या,
तीनशे बारा रुजल्या.
आमच्या तालुक्यात केळीचं रोप बाटलीतून येतं;
या बांधापासून त्या बांधापर्यंत
एकच बाई हजारदा उभी असावी, तशी बाग.
ॲव्होकॅडोची बी तसली नाही.
एका फांदीवरच्या दोन फळांच्या बिया
एकमेकींना ओळख देत नाहीत.

बोअरचं पाणी पाजलं, चहा फाटेल इतकं खारं.
काळ्या मातीत चार दिवस तुंबू दिलं.
मग मे.
पानांच्या कडा आधी तांबूस,
मग विझल्या विडीसारख्या.
मूळ उपसावं तर काळं, चिमटीत साल सुटून येई.
मेलं की वहीत रेघ मारायची.
पहिल्या आठवड्यात हात अडायचा,
नंतर मी पट्टीच घेतली.

जूनमध्ये नऊ उरली. ऑगस्टात एक.
तिची आई कोण, ठाऊक नाही.
तिचं फळ हिरवं की जांभळं, गराला रेषा की लोणी,
तेही कळणार नाही. फळू कोण देतंय?
तिची काडी न् काडी कलमाला लागते.

कलम आम्हाला नवं नाही.
बोरीवर डोळा भरतो, आंब्याला पाचर मारतो.
पण हिची बी हिच्यासारखी निघत नाही,
आणि हिची काडी उजेडात मूळ धरत नाही.
म्हणून दुसरं कुठलंही बियाचं रोप घ्यायचं,
त्याचं डोकं छाटायचं, हिची काडी बसवायची,
दार लावून घ्यायचं.

आत कोंब उंच जातो. पांढरा,
पानं काढायचं विसरलेला.
गुमान हातानं चाचपून मापायचा,
"वीत झाली," दारातून सांगायचा,
जणू आत कुणी झोपलंय.
वीत झाली की बुडाशी धातूचं कडं,
कड्यावर माती, आणि दार उघडं.
संध्याकाळपर्यंत शेंड्याला हिरव्याची आठवण येते.
महिन्याभरानं त्याच शेंड्यावर हासची डोळकाडी.

कडं आवळत नाही. कडं आहे तेवढंच राहतं.
कोंबच जाड होतो.
वरचं अन्न खाली उतरेनासं होतं,
कड्याच्या वर मुळं फुटतात, खोबऱ्यासारखी पांढरी,
आणि खाली जिनं इतके दिवस पाजलं
ती बी उपाशी जाते.
वहीत रकाने तीनच: खुंट, डोळकाडी, शेरा.
मी पट्टी घेऊन चौथा आखायला बसले.
मथळ्याला काय लिहावं सुचेना.
नुसतीच रेघ राहिली.

चिनावलचे दगाजी अत्तरदे वीस रोपं न्यायला आले.
फळ त्यांनी आधीच चाखलेलं,
कळण्याच्या भाकरीशी, वर लसणाची चटणी.
"ना गोड ना आंबट. पण भाकरी सरली."
खड्ड्याशी बसून पिशवी फाडली,
"याले फयं कधी येतीन, भो?"
माझ्या बाईपणाचं त्यांना काही नसतं, सगळे भो.
चौथ्या वर्षी चाखण्यापुरती. सातव्याला पोटभर.

मातीतून वाळकी बी हाताला लागली.
"अन् हे?"
दाई, मी म्हटलं.
त्यांनी ती कानाशी नेऊन हलवली,
आत काही वाजलं नाही,
बांधापलीकडं भिरकावली.
मग मुळांवर माती लोटता लोटता,
बोटांवर सात मोजून,
"बरं. तवलोक मधी हरबरा पेरतो."