शेपूट नसलेलं

शेपूट कुठंय, एर्लिंडानं विचारलं
पहिल्याच दिवशी, आराखड्यापुढं.
फोरमन लुंडग्रेन हसला :
नाहीच. म्हणजे घालायचा प्रश्न नाही.
धडही नाही. माणसं, बाँब, इंधन,
सगळं पंखातच.

तिचे हात बारीक, म्हणून आत तीच.
दिवा नेला तर कोपर मावत नसे.
बाहेरून रिव्हेट ठोकला जाई,
आतून ती पोलादी ठोकळा धरून
हाडापर्यंत हादरे.
एका बरगडीवर तिनं पेन्सिलनं लिहिलं :
मंगळवार. दाढ दुखतेय.

वाळवंटात ते उडालं.
सुंदर आहे, सगळेच म्हणाले,
पण नाक डोलतं, नेम ढळतो.
कंत्राट शेपूटवाल्यांना गेलं.

पन्नास साली हुकूम : तोडा.
मजुरी तीच, जोडायची नि तोडायची.
एर्लिंडानं करवत घेतली.
तिची बरगडी काही तिला सापडली नाही.
भट्टीत सगळे वार एकच झाले.

जुलै, एकोणनव्वद. पामडेल.
कुंपणाबाहेर नातवाचा पिकअप,
टपाला टेकून ती, डोळ्यांवर हात.
काळपट काहीतरी धावपट्टीवरून सुटलं,
आवाज मागाहून आला.
"आजी, याला शेपूटच नाही!"
"नसतंच."
आत कुणाचे हात गेले असतील,
आणि हे जाणार कुणाच्या डोक्यावर,
तो विचारेल म्हणून ती थांबली.
त्यानं गाडी चालू केली.
तिनं जिभेनं चाचपली
चव्वेचाळीस सालच्या दाढेची
रिकामी जागा.