शेणाचं कोर्ट

तिचं नाव ओदेत.
आई म्हणायची, ओढत.
आणि ती चालायचीही डावा पाय किंचित ओढत,
त्यामुळे आईला वाटलं, फ्रान्समध्येही
व्यंगावरून नाव ठेवतात,
आमच्या चाळीत ठेवतात तसं.

बावन्न सालचा जानेवारी.
मरीन लाइन्सजवळच्या जिमखान्यात सहा कोर्टं,
सहाही शेणाची:
खाली मुरूम, वर चाळलेली माती,
त्यावर आवडाबाईचा, म्हणजे माझ्या आईचा, हात.
पहाटे चारपासून. ऊन चढायच्या आत सुकायला हवं.
मी आठ वर्षांचा. बादली माझ्याकडे.

सेक्रेटरी केकी दुबाश माळ्यांना, पोऱ्यांना, कुणालाही सांगायचे:
पॅरिसची चॅम्पियन छे, बे वार!
लढाईत हिच्या गावच्या कोर्टावर जर्मनांनी बटाटे लावले.
मग ही गोदामाच्या भिंतीशी खेळायची,
रात्री,
आवाज होऊ नये म्हणून चेंडूवर लोकरी मोजा चढवून.
पंचवीस ते तीस, सगळी भिंतीनं खाल्ली.
एकतिसाव्या वर्षी बटाटे उपटले, आणि ही जिंकायला लागली.
पायाचं मात्र त्यांना नक्की ठाऊक नव्हतं.
एकदा म्हणाले सायकल, एकदा म्हणाले गोळी.

पहिल्या दिवशी ती बेसलाइनवर वाकली,
तळवा टेकला, नाकाशी नेला,
काहीतरी विचारलं.
दुबाश घाईघाईनं म्हणाले, इंडियन क्ले, मादाम.
पडद्यामागे आईनं तोंडात पदर कोंबला.

मॅच आई बघायची नाही. बघायला परवानगीही नव्हती.
संध्याकाळी खुर्च्या उचलल्या की ती झाडू टेकून उभी राहायची
आणि झाडण्याआधी वाचायची.
इथं थांबली बघ. इथं फसवलंन त्या दुसरीला,
पाय इकडे, गेली तिकडे.
उजवा ठसा खोल, टाचेसकट.
डाव्याची नुसती रेघ,
आणि तिसऱ्या सेटात ती रेघ लांबत गेलेली.
इथं दुखलंय हिला, आई म्हणाली,
हे कुणाला कळलं नसेल.

सेमीफायनलला हरली. आठ-सहा.
एकोणीस वर्षांच्या पोरीनं हरवलं. तिचं नाव आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे कंदिलाच्या उजेडात
आधी अनवाणी पाय दिसले. डाव्या घोट्यावर
शिवण, जाड दोऱ्यानं घातल्यासारखी.
ती उकिडवी बसली आणि पाटीत हात घातला.
आई घाबरली. मग
तिला एक कोपरा दिला, जिथे आदल्या दिवशी शेवटचा पॉइंट गेला तो.
दोघी बाजूबाजूला सरकत राहिल्या, मागे मागे,
एक शब्द नाही.
तिचा हात आतून बाहेर जायचा, तळवा नाही, पाठ आधी.
पेपरात तिच्या बॅकहँडवर रकानेच्या रकाने आले होते.
आई एवढंच म्हणाली,
हात चांगला आहे, पण उलटा.

ती नळावर हात धुऊन गेल्यावर
आईनं तो कोपरा पुन्हा सारवला.
खाचा ठेवल्यात तिनं, चेंडू भलतीकडे उडेल.

पुढचं तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.
पैसे घेऊन खेळली म्हणून तिला बाहेर काढलं.
मग कुठल्या बंदराच्या गावात छत्र्यांचं दुकान.
नंतर दुबाशही गेले, सांगणारं कुणी उरलं नाही.
बहात्तरमध्ये जिमखान्यानं सिमेंट ओतलं.
आईला घासायचा ब्रश दिला, लांब दांड्याचा.
पाठीला बरं, ती म्हणाली,
आणि त्यावर काही उमटत नाही, हेही म्हणाली, पण एकदाच.

खूप वर्षांनी, भांडुपच्या खोलीत, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर
पॅरिसची लाल माती.
आई काचेला नाक लागेल इतकी जवळ सरकली.
चेंडूकडे तिचं लक्षच नव्हतं.
पोरगी पुढे होती, पाच-दोन, लोक ओरडत होते.
हरणार ही, आई म्हणाली,
पाय बघ.
ओढतेय.