अंशतः खरे आहे

शनिवारी कार्यालयाचं शटर वर जायच्या आधी
पायरीवर पिशव्या ओळीनं बसलेल्या असतात.
माणसं चहाला गेलेली. पिशव्या नंबर राखतात.
पहिली पिशवी डिचोलकरांची, खताच्या गोणीची शिवलेली.

उजव्या हाताची दोन बोटं लेथनं घेतली,
उरलेल्या तिनांनी ते वीजबिल सरळ करतात
माझ्या टेबलाच्या काचेवर.
ग्राहकाचं नाव बरोबर.
पत्ता: स्नेहवर्धिनी, दुसरा मजला, किसननगर.

स्नेहवर्धिनी पाडून चार वर्षं झाली.
अतिधोकादायक, सी-एक. रात्री दहाला रिकामी केली,
मीच खाली भोंगा धरून उभी होते,
आणि कुणीतरी वरून ओरडत होतं, देव राहिले, देव राहिले.
आता तिथे एरंड माजलाय,
एका एरंडाला टेकून कुणाचीशी स्कूटर.

तरी बिल येतं, महिन्याच्या महिन्याला.
चालू रीडिंग शून्य.
मीटरची स्थिती: घर बंद.

मला वाटलं, हे तर सोपं.
तारांकित प्रश्न टाकला. भाषा आपली ठरलेली:
पाडलेल्या इमारतींतील रहिवाशांना
वीजदेयके येत आहेत, हे खरे आहे काय?
असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?
नसल्यास, विलंबाची कारणे काय?

मंगळवारी उत्तर पटलावर.
(१) हे अंशतः खरे आहे.
(२) सदर जोडण्या कायमस्वरूपी खंडित करण्यात येत आहेत.
(३) प्रश्न उद्भवत नाही.
मागच्या बाकावरून कुणी बाक वाजवला.
मीही वाजवला असता, प्रश्न माझा नसता तर.

*

संक्रमण शिबिराला जायचा रस्ता मेट्रोच्या पत्र्यांमागून आहे.
बसथांबा तिसऱ्यांदा हलवलाय.
लोक अजून पहिल्याच जागी उभे राहतात,
जिथे खांब उपटल्याचं भोक आहे
आणि भोकात कुणीतरी तुळशीचं रोप लावलंय.

नजमा तुंगेकर मला मुलीची चौरेघी वही देते:
सात वीसची आली सात पंचावन्नला.
आठ दहाची नाही.
नऊची आली, थांबली नाही.
असं एकवीस दिवसांचं. शेवटच्या पानावर 'अ' आणि 'आ'.
परिवहनच्या साहेबांना मी झेरॉक्स दिली.
ते म्हणाले, मॅडम, हे अधिकृत नाही.
मी म्हटलं, तुमचं अधिकृत दाखवा.
ते फाईल शोधायला गेले ते गेलेच.

शिबिरात दहा बाय बारा. डिचोलकर स्टूल पुसतात.
बातमी सांगायला मी स्वतः आले होते, पेपरचं कात्रण घेऊन.
त्यांनी वाचलं. घडी केली. परत उलगडलं.
"ताई, बिल बंद करणार?
मी तर भरतो ना ते. एकदाही चुकवलं नाही.
सोसायटीचे कागद त्या रात्री आत राहिले.
उद्या नव्या इमारतीची चावी वाटताना म्हणतील,
तुम्ही राहत होता कशावरून?"

पिशवीतून त्यांनी गठ्ठा काढला,
अठ्ठेचाळीस पावत्या, रबरबँड जुना होऊन चिकटलेला.

*

माझे वडील बोर्डात मीटर रीडर होते.
किसननगरचे सगळे जिने त्यांना पाठ,
जिन्याखाली वाकून टॉर्च मारायचे
आणि मला उचलून दाखवायचे, बघ, चाक फिरतंय,
म्हणजे वर कुणीतरी आहे.
मला तेव्हा वाटायचं, माणसंच फिरवतात ते, वरून.

शुक्रवारी रात्री पत्र मी स्वतःच टाईप केलं,
सहायकाला सांगायची लाज वाटली.
उपरोक्त विषयान्वये विनंती की,
पुनर्वसन होईपर्यंत सदर जोडण्या
खंडित करण्यात येऊ नयेत.

शनिवारी, शटर अर्धं वर असताना, अधीक्षक अभियंत्यांचा फोन.
"मॅडम, बंद करा म्हणून गेल्या आठवड्यात तुम्हीच तर—
हे खरं आहे ना?"

पायरीवर सात पिशव्या. एक छत्री, तीही नंबरात.

"अंशतः," मी म्हटलं,
आणि नजमा कुठे दिसते का ते बघत राहिले;
सात वीसनं येणार होती.