चाळिसावा किलोमीटर

गाडी बंद पडायची ती चाळिसाव्या किलोमीटरलाच.
एकोणचाळीसपर्यंत गुणी. मग एक उचकी, दुसरी उचकी,
आणि वारा.
चुबुतच्या या पठारावर इंजिन थांबलं
की वारा ऐकू येतो,
आणि कळतं, तो मघापासून होताच.

मागे लोकरीचे सहा गठ्ठे, पाण्याचं पिंप
आणि पाय बांधलेली एक मेंढी, माझ्याकडे अशी बघत
जणू ही पिकअप मीच तिला विकली होती.

अर्ध्या तासाने किल्ली फिरवायची.
पहिल्या फटक्यात सुरू.
रुसलेल्या माणसाचंही एवढं वेळापत्रक नसतं.

पेट्रोल पंपावर सगळे जमले.
तिथे पिकअप नसलेला माणूस विरळा,
दुसऱ्याच्या पिकअपबद्दल मत नसलेला त्याहून विरळा.
अर्विन प्यू म्हणाला, पेट्रोल नळीतच उकळतंय, एर्सिलिया.
कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लाव नळीला, उष्णता ओढून घेतात.
रविवारी प्रार्थनेत तो खालच्या पट्टीत गातो,
त्याच आवाजात म्हणाला, म्हणून पटलं.
नऊ चिमटे लावले.
चाळिसाव्या किलोमीटरला बंद.

बेलार्मिनो म्हणाला, कॉइल. तापली की दगा देते.
शेडमधल्या मेलेल्या गाडीतून स्वतःची काढून दिली.
पैसे घेतले नाहीत, एवढंच म्हणाला,
निळी होती, कधी तक्रार केली नाही.
गाडीबद्दल बोलतोय की बायकोबद्दल, मी विचारलं नाही.
कॉइल बसवली.
चाळीस.

नेलिदा अंतिलेफने बोलण्यात वेळ घालवला नाही.
थेट फ्युएल पंप उघडला, पडदा उजेडात धरला,
रबराच्या जुन्या एप्रनमधून नवा कापला,
कात्री मेंढ्या कातरायची, हात शिंपिणीचा.
चाळीस.
खरं तर एक्केचाळीस.
तो एक किलोमीटर नेलिदा अजून सगळ्यांना सांगते.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललं पूर्ण उन्हाळाभर.
माझ्याकडे आता पैसे नव्हते आणि सल्ले संपत नव्हते.

हिपोलितो कोपऱ्यात शेगडीपाशी बसतो.
डोळे गेल्यावर त्याने गाडी विकली.
तेव्हापासून त्याला कुणी काही विचारत नाही,
भोपळ्यातला माते मात्र फिरत त्याच्यापर्यंत येतो, तेवढंच.
नळी पुसून तो म्हणाला,
बंद पडायला लागली त्याच्या आधी नवीन काय घेतलंस?

काही नाही. पैसे कुठे होते?
मग आठवलं. टाकीचं झाकण.
जुनं वाऱ्याने नेलं, शोधूनही सापडलं नाही.

पुढच्या वेळी बॉनेट उघडू नकोस, म्हणाला. मागे जा.

चाळिसाव्या किलोमीटरला मी मागे गेले.
झाकण फिरवलं
आणि टाकीने श्वास घेतला.
लांब, शीळ घातल्यासारखा,
पाण्याखालून वर आलेलं माणूस घेतं तसा.
मेंढीने कान टवकारले.

जुन्या झाकणाला भोक होतं. नव्याला नव्हतं.
पेट्रोल जात होतं, हवा आत येत नव्हती, बास.
घरी जाऊन झाकणाला सुईएवढं भोक पाडलं.

चिमटे अजून नळीवर आहेत, वाळून पांढरे पडलेले.
कॉइल बेलार्मिनोचीच. पडदा नेलिदाचा.
खडीवर गाडी उडाली की चिमटे टकटक वाजतात.
काढायला एक मिनिटही लागणार नाही.
हिपोलितोचं मात्र गाडीत काहीच नाही.
एक भोक आहे.

परवा वाटेत एक पोरगा दिसला, बॉनेट उघडं,
आत बघत होता, विहिरीत बादली पडल्यासारखा.
थांबले.
नवीन काय घेतलंस, असं विचारणारच होते.
पण वारा फार होता, तो गारठला होता,
कुणीतरी काहीतरी करावं असा त्याचा चेहरा होता.
म्हणून आधी
दोन चिमटे काढून दिले.