खर्ज

अ‍ॅम्पचं बासचं बटण शून्यावर आहे,
तरी भिंत बोलतेच.

सहाव्या तारेवरचा जी वाजवला की
फडताळातला शेंगाचटणीचा डबा सरकतो
बोटभर, दाराकडे.
आई म्हणते, तुझ्या गाण्याला पाय फुटलेत.
गाणं कुठलं. एक मायनर सेव्हन्थ होता,
चार सुरांचा, नीट विणलेला,
त्याचा भिजल्या टॉवेलासारखा गोळा झाला,
पिळायलाही जड.

भद्रावती पेठेत दहा बाय बाराची खोली,
खाली शहाबादी, वर पत्रा,
आणि एका विटेपलीकडे गोसकींचे आठ माग.
इथे जॅझ कुठून आला, विचारू नका.
रेल्वे क्वार्टरमधले फ्रान्सिस सर बदली होऊन गेले,
जाताना गिटार माझ्याकडे ठेवायला दिली.
पोकळ अंगाची, लाकूड जुनं.
अजून न्यायला आलेले नाहीत.

मी काय काय केलं:
अ‍ॅम्प कोपऱ्यातून ओढून मधे आणला
(कोपरा सुराला चढवतो, हे मला उशिरा कळलं),
खाली कांड्यांचे दोन रिकामे क्रेट घातले,
जाड तारांवरची बोटं हलकी केली,
मूळ सूर गाळून तिसरा-सातवाच धरला.
थोडं निवळलं.
पण पंखा बंद केला की गिटार आपणहून घुमायची,
हात न लावता,
कढईत तेल तापत राहावं तशी.

शेवटी हत्तुरे मिस्त्रींकडे गेलो.
अ‍ॅम्प त्यांचाच,
बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचा.
म्हणाले, ह्याला तंबूच्या शेवटच्या रांगेपर्यंत
ओरडायची सवय हाय बे,
तुझ्या खोलीत कसा मावंल?
पाठ उघडली. आधी एका तारेनं
साठलेला करंट जमिनीत सोडला.
बंद दिसतो म्हणून बंद असतो असं नसतंय, म्हणाले.
मग व्हॉल्व्हच्या पायाशी चिमटा नेला:
हा पॉइंट वनचा कपॅसिटर. मोठं दार.
म्हैस सरळ आत येती.
पॉइंट झिरो टू टू लावू.
शेळ्या येतील, म्हैस भायेर.

खोलीत आणून वाजवलं.
चारी सूर वेगळे उभे राहिले,
आत्ताच इस्त्री करून घडी मोडल्यासारखे.
डबा जागचा हलला नाही.
मी तीन तास थांबलो नाही,
जेवण झाकून राहिलं.

नाना भिंतीला पाठ लावून बसले होते.
चौतीस वर्षं टेरी टॉवेल,
एक बीम ताठ, एक सैल,
आणि कानाशी धोट्याचा खडखडाट.
शिट्टी, कुकर, मोबाइल, चिमणी
त्यांच्या कानातून कधीच गेलेत.
तेलुगूत म्हणाले,
आज बंद का ठेवलंस?

तेव्हा कळलं, ते रोज तिथेच का बसायचे.
मला वाटायचं, भिंत गार लागते म्हणून.
मेमध्ये पश्चिमेची भिंत गार!

दुसऱ्या दिवशी पुन्हा हत्तुरे.
काय, म्हैस परत पाहिजे?
मी म्हटलं, हो, पण कधीकधी.
त्यांनी काही विचारलं नाही.
मोठा कपॅसिटर छोट्याच्या शेजारी टाकला,
मधे एक खटका बसवला, पाठीमागे,
नाव न लिहिलेला. तीस रुपये घेतले.

दिवसा माग चालू असतात,
खर्जाचं काम तेच करतात, मी वर वर वाजवतो.
पाळी सुटते, पट्टे थांबतात,
पेठ एकदम उघडी पडल्यासारखी होते.
नाना भिंतीला टेकतात.
मी मागे हात घालून खटका वर करतो.
फार साफ येत नाही. गोळाच येतो.
ते मान हलवतात, अर्धा ठोका उशिरा.

आई उठते,
डबा जागेवर ठेवते,
आणि पुन्हा ठेवते.